सहा महिने आणि दहा वर्षे

मराठीने चष्म्याला वयाचे नाव दिले. ‘चाळिशी लागली’ असे कोणी म्हटले की वर्षे आणि भिंगे यांचा उल्लेख एकदमच होतो. हा शब्द ज्यांनी रुळवला, त्यांच्या लेखी चष्मा ही पोथी किंवा खतावणी हातभर लांब धरावी लागणाऱ्या प्रौढ माणसाची गरज होती. दहा वर्षांच्या पोराला फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत, ही तक्रार त्या शब्दात मावत नाही. तिच्यासाठी पाठ्यपुस्तकांनी ‘निकटदृष्टिता’ असा जड शब्द योजला आणि बोलीने ‘नंबर लागला’ असा सोपा. प्रस्तुत लेखकद्वयापैकी एकाला नंबर पाचवीत लागला, दुसरीला सातवीत. आज आम्ही दोघेही खरीखुरी चाळिशी ओलांडून बसलो आहोत. या लेखाचे निमित्तही थोडेफार तेच.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीनंतर चष्म्याशिवाय आली. विचारल्यावर म्हणाली, “मॅडम, स्माइल करून घेतलं.” आम्हांस प्रथम हा काही दातांचा प्रकार वाटला. मग तिने समजावून सांगितले: डोळ्याची लेसर शस्त्रक्रिया, टाका नाही, इंजेक्शन नाही, दोन-तीन मिलिमीटरचा छेद, दुसऱ्या दिवशी घरात हिंडणे-फिरणे. कारण विचारावे लागले नाही. “घरी स्थळं बघायला सुरुवात झालीये,” हे तिनेच पुढे जोडले. वधूवरांच्या जाहिरातींत ‘चष्मा नसावा’ ही अट वाचतच आमची पिढी मोठी झाली. ती अट आता पैसे भरून पुरी करता येते, एवढाच काय तो पालट. “सर, तुम्ही दोघं का नाही करून घेत?” असा प्रश्न जाता जाता टाकून ती निघून गेली.

आम्ही साहित्याची माणसे. कोणताही प्रश्न पुढे आला की आधी त्याची पूर्वपीठिका शोधायची, ही खोड. ऱ्हस्वदृष्टीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या इतिहासात यशाची घोषणा बहुधा सहा महिन्यांनी होते आणि डोळ्याचा हिशेब दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा लागतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात हजारो माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढलेली असतात.

प्रथम डोळ्याचे गणित थोडक्यात सांगितले पाहिजे. बुबुळापुढे घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक पटल असते, त्याला आपली शालेय पुस्तके पारपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३च्या आसपास शक्ती या पटलाच्या वक्रतेत असते; आतले भिंग त्यामानाने दुय्यम. निकटदृष्टीच्या माणसाचे नेत्रगोल बहुधा लांबट असते, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. नेत्रगोल आखूड करता येत नाही, पण पारपटल थोडे सपाट केले तर प्रतिमा मागे सरकते. पारपटलाचा बाक सर्व दिशांना सारखा नसला, चमच्याच्या पाठीसारखा एका अंगाने जास्त आणि दुसऱ्या अंगाने कमी असला, तर अबिंदुकता येते. चष्म्याच्या दुकानात तिला ‘सिलिंड्रिकल नंबर’ म्हणतात. थोडक्यात, डोळ्याच्या आत न शिरता समोरच्या काचेचा बाक बदलायचा, एवढाच हा सारा उद्योग. नॉर्वेच्या श्योट्झने १८८५मध्ये मोतीबिंदूनंतर उरलेली अबिंदुकता छेद देऊन कमी केली होती आणि हॉलंडच्या लान्सने १८९८मध्ये सशांच्या डोळ्यांवर छेदांचे पद्धतशीर प्रयोग केले होते. त्यानंतर काही दशके या दिशेने विशेष हालचाल दिसत नाही.

खरी कथा तोक्योत सुरू होते. जुंतेंदो विद्यापीठातील त्सुतोमु सातो यांना असे दिसले होते, की शंकूसारखे पुढे आलेले पारपटल आतून फाटून बरे झाले की पूर्वीपेक्षा सपाट होते. निसर्ग जे अपघाताने करतो ते आपण हेतुपुरस्सर का करू नये, असा त्यांचा विचार. त्यांनी पारपटलावर बाहेरून आणि आतूनही अरीय छेद देण्यास सुरुवात केली. १९५३मध्ये त्यांचा लेख अमेरिकेच्या प्रतिष्ठित नेत्रवैद्यक मासिकात आला. नंबर खरोखरच उतरले होते. १९५०च्या दशकात शेकडो डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया झाली.

पारपटलाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. तो पटलातील पाणी सतत बाहेर काढतो आणि म्हणून ते पारदर्शक राहते. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. सातोंच्या काळी या थराचे मोल पुरते कळलेले नव्हते. आतून दिलेल्या छेदांनी तो ओरबाडला जात होता. उरलेल्या पेशी काही वर्षे काम रेटत राहिल्या. मग दहा-वीस वर्षांनी एकेक पारपटल सुजू लागले, गढूळ होऊ लागले. आपल्याकडे डोळ्यात ‘फूल पडणे’ म्हणतात तसे, पण फुगलेले आणि दुखणारे. सातो स्वतः १९६०मध्ये वारले. आपल्या रुग्णांच्या डोळ्यांचे पुढे काय झाले ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यांना खलनायक ठरवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदवले. फक्त त्यांची पाहण्याची मुदत आखूड होती.

सातोंचा धडा सोव्हिएत संघात उपयोगी पडला, निदान अर्धा तरी. १९७०च्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी आतले छेद वर्ज्य केले. फक्त बाहेरून, मधला भाग सोडून, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद द्यायचे. चष्मा फुटून काचेचे कण डोळ्यात गेलेल्या एका मुलाची जखम भरल्यावर त्याचा नंबर उतरला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका जवळपास प्रत्येक ठिकाणी सापडते. तिचा घाट इतका सुबक आहे की आमच्यातला वाचक थोडा साशंक होतो. असो. फ्योदोरोव्ह हे मोठे अजब प्रकरण होते. त्यांच्या संस्थेत रुग्ण फिरत्या पट्ट्यावरून एका शल्यविशारदाकडून दुसऱ्याकडे सरकत, कारखान्यात सुटे भाग सरकावेत तसे. साम्यवादी व्यवस्थेत त्यांनी उभारलेला हा व्यवसाय भांडवलदारांनाही हेवा वाटावा असा होता. १९७८पासून ही पद्धत अमेरिकेत गेली आणि तिथे तिची साथच पसरली.

मात्र या वेळी कोणाला तरी मुदतीचा प्रश्न सुचला. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सरकारी साहाय्याने चारशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास हाती घेण्यात आला आणि तो दहा वर्षे नेटाने चालवण्यात आला. या साऱ्या इतिहासात आम्हांस सर्वाधिक आदर वाटतो तो या कंटाळवाण्या चिकाटीबद्दल. १९९४मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के लोक दूरसाठी चष्मा वापरत नव्हते. म्हणजे शस्त्रक्रिया फसवी नव्हती. पण सहा महिन्यांच्या तपासणीपासून दहा वर्षांच्या तपासणीपर्यंत ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक उलट दिशेला, ‘प्लस’कडे, सरकला होता. छेद दिलेले पटल सपाट होतच राहिले होते. त्यातच या माणसांना चाळिशी लागली. जवळचे दिसेना आणि काहींना दूरचेही दिसेना.

या छेदांची एक हकीगत वैद्यकाबाहेरही प्रसिद्ध झाली. टेक्सासचे डॉक्टर बेक वेदर्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. १० मे १९९६ रोजी ते एव्हरेस्ट चढत असताना विरळ हवेत त्यांचे पारपटल बदलले आणि दृष्टी जवळजवळ गेली. शिखराच्या खाली थांबून राहिलेल्या त्यांना वादळाने गाठले. दोनदा मृत समजून सोडून दिलेला हा माणूस स्वतःच्या पायांनी छावणीत परतला. उजवा हात कोपराखाली, डाव्या हाताची बोटे आणि नाक मात्र गमवावे लागले. छेद देऊन वर्षे लोटली तरी पारपटल ते विसरलेले नव्हते.

आता थोडे मागे जाऊन दुसरा धागा उचलावा लागेल, कारण आजची शस्त्रक्रिया आऱ्यांच्या छेदांतून आलेली नाही. बार्सिलोनाच्या नेत्रवैद्यांच्या घराण्यात जन्मलेल्या आणि पुढे कोलंबियातील बोगोटा येथे स्थायिक झालेल्या होसे इग्नासिओ बार्राकेर यांनी १९४९मध्ये वेगळा विचार मांडला. पटल कापून सैल करण्याऐवजी त्यातील थोडा भाग काढून टाकावा, म्हणजे बाक बदलेल. त्यासाठी त्यांनी पारपटलाची वरची चकती कापून वेगळी केली, ती गोठवली, भिंगे घडवण्याच्या लेथवर कातली आणि परत डोळ्यावर बसवली! या कृतीला त्यांनी ग्रीक धातूंवरून ‘केरॅटोमिल्यूसिस’ म्हटले. अर्थ, पारपटलाचे कोरीवकाम. ‘लॅसिक’ या आज घरोघरी पोहोचलेल्या नावातील शेवटचा ‘के’ याच शब्दाचा. लेथ इतका अचूक चालवणारे हात जगात फार थोडे होते, म्हणून ही पद्धत फारशी फैलावली नाही.

लेथची जागा घेणारे हत्यार रुग्णालयात नव्हे, संगणकाच्या कंपनीत सापडले. मद्रास विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्क राज्यात यॉर्कटाउन हाइट्स येथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. अतिनील किरणांचा एक्सायमर लेसर प्लॅस्टिकवर मारला तर ते न वितळता नेमके कोरले जाते, हे त्यांना ठाऊक होते. १९८१च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीत उरलेले टर्कीचे तुकडे त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेले. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लुम हे त्यांचे सहकारी. टर्कीवर उठलेल्या खाचेच्या कडा स्वच्छ होत्या, भाजल्याची खूण नव्हती. १९३ नॅनोमीटरचा तो प्रकाश उष्णतेने जाळत नव्हता, रेणूंचे बंधच तोडत होता. सणाच्या उरल्यासुरल्या मांसावर लागलेला हा शोध ऐकून आमच्या शाकाहारी लेखिकेने कपाळाला हात लावला, पण दाद दिली. कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांच्यासह श्रीनिवासन यांनी १९८३मध्ये पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. श्रीनिवासन, विन आणि ब्लुम यांना २०१३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले.

१९८८मध्ये मार्गरीट मॅक्डॉनल्ड यांनी लुइझियानात हा लेसर प्रथमच एका दिसणाऱ्या मानवी डोळ्यावर वापरला. तो डोळा साठी ओलांडलेल्या एका स्त्रीचा होता. कर्करोगामुळे तो लवकरच काढावा लागणार होता आणि तिने आपण होऊन तो प्रयोगासाठी देऊ केला. या बाईंविषयी वाचताना आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या डोळ्याला पुढची वर्षेच नव्हती त्याने जगाला पहिला पुरावा दिला. पण दहा वर्षांचा पुरावा तो देऊ शकत नव्हता.

बार्राकेरची चकती आणि श्रीनिवासनांचा प्रकाश यांची गाठ क्रीट बेटावर पडली. योआनिस पालिकारिस यांनी पारपटलाचा वरचा पापुद्रा पूर्ण न कापता बिजागरीवर ठेवला, दार उघडावे तसा उचलला, खालचा भाग लेसरने कोरला आणि पापुद्रा परत मिटला. १९९०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, हेच लॅसिक. वेदना नाममात्र, दृष्टी दुसऱ्या दिवशी. पुढच्या दशकात जगभर त्याची दुकाने निघाली. ‘दुकाने’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरत आहोत.

पण तो पापुद्रा पूर्वीसारखा कधीच जुळत नाही. तो कापताना पटलातील संवेदनातंतूंचा मोठा भाग तुटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. अनेकांचे काही महिन्यांत सुधारतात, काहींचे नाही. कापलेला पापुद्रा पटलाला भक्कमपणाही फारसा देत नाही. जर्मनीच्या थिओ झायलर यांनी १९९८मध्ये लॅसिकनंतर पारपटल पुढे फुगत गेल्याची उदाहरणे नोंदवली. २००८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुनावणी घेतली, तेव्हा समाधानी माणसांबरोबर दुखावलेली माणसेही बोलायला उभी राहिली. त्यातून निघालेल्या अभ्यासाचे आकडे २०१७मध्ये आले आणि ते मोठे विलक्षण आहेत. बहुसंख्य रुग्ण समाधानी होते. तरीही ज्यांना आधी दिव्यांभोवती वलये, दुहेरी प्रतिमा असा काहीच त्रास नव्हता, त्यांच्यातील ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी असे काहीतरी नवीन दिसू लागले होते. माणूस एकाच वेळी समाधानी आणि त्रस्त असू शकतो, हे कादंबरीकारांना ठाऊक होते. आता ते तक्त्यातही आले.

पापुद्र्याची अडचण दूर करणारे हत्यारही अपघातानेच डोळ्यापाशी पोहोचले. १९९३मध्ये मिशिगन विद्यापीठात जेरार मुरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात फेमटोसेकंद लेसरचा झोत गेला. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग. विद्यार्थ्याला तपासणारे तरुण डॉक्टर रॉन कुर्ट्झ चकित झाले, कारण दृष्टिपटलावरचा व्रण असामान्यपणे नेटका होता. कुर्ट्झ आणि तिबोर युहास यांनी पुढे याच लेसरने पारपटल कापण्याचे यंत्र घडवले. ज्या तंत्राने असे झोत निर्माण करता आले त्यासाठी मुरू आणि डॉना स्ट्रिकलँड यांना २०१८चे नोबेल मिळाले. हा प्रकाश पारपटलाचा पृष्ठभाग न छेदता आत नेमक्या खोलीवर सूक्ष्म बुडबुडे उठवतो. असे लाखो बुडबुडे शेजारी शेजारी मांडले की आतल्या आत काप जातो.

जर्मनीतील वाल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम (टर्कीवाल्या ब्लुमांशी नाते नाही) यांनी या गुणाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला. लेसरने पटलाच्या आत आधी खालचा, मग वरचा काप घ्यायचा. मध्ये भिंगाच्या आकाराची पातळ चकती सुटते. ती दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून चिमट्याने ओढून काढायची. लॅसिकमध्ये हाच छेद गोलाकार, सुमारे वीस मिलिमीटरचा असतो. हीच आमच्या विद्यार्थिनीची ‘स्माइल’. २०११मध्ये सेकुंडो-ब्लुम यांचे ९१ डोळ्यांचे सहा महिन्यांचे निष्कर्ष आले, आणि त्याच वर्षी बडोद्याच्या डॉ. रुपल शाह व सहकाऱ्यांचे ५१ डोळ्यांचे. गायकवाडांच्या बडोद्याशी मराठी माणसाचे नाते जुने; या तंत्राच्या पहिल्या निबंधांत ते नाव वाचून आम्हांस उगीचच आपलेपणा वाटला. अमेरिकेने २०१६मध्ये निकटदृष्टीसाठी आणि २०१८मध्ये अबिंदुकतेसाठी परवानगी दिली. हा उशीर अकारण नव्हता. माणूस उताणा झोपला की त्याचा डोळा खोबणीत किंचित फिरतो, आणि अबिंदुकता दुरुस्त करताना अक्षाची काही अंशांची चूकही महागात पडते. पहिल्या यंत्रात ही फिरकी आपोआप ओळखण्याची सोय नव्हती. डॉक्टर शाईने खुणा करून काम भागवत.

येथे एक शब्दच्छल उकलावा लागतो. ‘अल्पतम छेद’ हे विशेषण दाराला लागू आहे, आतून नेलेल्या मालाला नाही. काढलेल्या पटलाची जाडी लॅसिकइतकीच, क्वचित थोडी अधिकही असते. तंतू कमी तुटतात, डोळे कमी कोरडे पडतात, पापुद्रा सरकण्याचे भय राहत नाही, हे सारे खरे. पण ज्याचे पारपटल मुळातच कमकुवत आहे त्याला लहान फट वाचवत नाही; स्माइलनंतरही पटल फुगल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय नंबर थोडा उरला तर तीच शस्त्रक्रिया सरळ पुन्हा करता येत नाही, दुसरा मार्ग धरावा लागतो. याच जर्मन गटाने २०१९मध्ये दहा वर्षांचे निष्कर्षही छापले आणि ते आश्वासक आहेत. मूळचे सगळे रुग्ण मात्र परत तपासायला आले नव्हते.

एवढे वाचून आम्ही एका नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी वय विचारले. ते म्हणाले, “करता येईल, पण एक सांगतो. आज तुम्ही चष्मा काढून जवळचं वाचता ना? ते जाईल.” वजा चारच्या माणसाला चष्मा काढल्यावर पंचवीस सेंटिमीटरवरचे अक्षर लख्ख दिसते, वय कितीही असो. जुन्या ग्रंथांतील तळटीपा आम्ही दोघेही रात्री अशाच वाचतो, चष्मा कपाळावर सारून. नंबर गेला की आम्हीही त्या मूळ मराठी शब्दाच्या कक्षेत येणार. एका डोळ्यात थोडा नंबर शिल्लक ठेवण्याची तडजोड त्यांनी सुचवली. लेखकाने तिथेच नकार दिला. लेखिकेने पारपटलाचा नकाशा काढून घेतला आहे; निर्णय उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत लांबवला आहे.

आमची विद्यार्थिनी परवा सहा महिन्यांच्या तपासणीला जाऊन आली. दोन्ही डोळे ६/६. आम्ही तिला एकच विचारले, शस्त्रक्रियेपूर्वीचे कागद, जुना नंबर, पारपटलाचा नकाशा हे सारे जपून ठेवले आहे का. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचे गणित सपाट केलेल्या पारपटलावर चुकू शकते. तेव्हा हेच जुने आकडे डॉक्टरांच्या कामी येतात. मोतीबिंदू हा शब्द ऐकून ती हसली. “फाइल आईच्या कपाटात आहे मॅडम,” म्हणाली, “लग्न झालं की सोबत घेऊन जाईन.”